सगळी बटणं सारखी

डॉक्टरांना शिव्या देता येतात, हे त्यांच्या धाकट्या मुलीला त्यांचे डोळे गेल्यावर कळलं. उभं आयुष्य त्यांनी दातांचा दवाखाना चालवला. खुर्चीवर आडवे झालेले पेशंट त्यांचं बोट चावायचे, तरी "हरकत नाही, पुन्हा आ करा" यापलीकडे तोंडातून शब्द निघत नसे. आता ती संध्याकाळी कामावरून येऊन जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावरून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "थांब म्हटलं ना, गाढवा! थांब! अरे मागे काय पळतोस?" शेजारीण दार किलकिलं करून विचारायची, "कोण आलंय गं तुमच्याकडे?"

कोणी आलेलं नसायचं. बाबा कॅसेट डेकशी बोलत असायचे.

साखरेनं त्यांचे डोळे हळूहळू खाल्ले होते. आता उजेड आहे की अंधार एवढं समजायचं, आणि कोणी खिडकीसमोरून गेलं तर सावली हलल्यासारखी वाटायची. वर्तमानपत्र गेलं, पत्ते गेले, एकट्यानं बाहेर पडणं गेलं. राहिलं ते गाणं. भिंतीलगतच्या कपाटात कॅसेटी एकीला एक चिकटून उभ्या होत्या. रेडिओवरून उतरवून घेतलेल्या, मित्रांकडून आणलेल्या, काही घरच्याच बैठकीत माईक लावून भरलेल्या. आणि कपाटाच्या मधल्या खणात तो डेक.

दवाखाना जोरात चालत होता त्या काळात डॉक्टरांनी तो हौसेनं घेतला होता. त्याच्या आधी घरात एक साधा टेप होता. त्याची बटणं लांबट, जाडजूड, दाबली की खटकन खाली जाऊन तिथेच बसणारी. कुठलं बटण खाली आहे ते हात फिरवूनही कळायचं. डॉक्टरांना तो गावठी वाटायचा. त्यांनी तो कंपाउंडरला देऊन टाकला आणि हा काळाभोर, गुळगुळीत, आरशासारखा डेक घरी आणला. याच्या दर्शनी भागावर कुठे म्हणून उंचवटा नव्हता. खाली एका ओळीत सात बटणं, सगळी एका मापाची, सगळी पृष्ठभागाच्या पातळीत. नुसतं बोट टेकवलं की आत कुठेतरी 'ठक्' व्हायचं आणि बटण होतं तसंच. दाबलंय की नाही, ते काही कळत नसे. कोणतं बटण कशाचं, ते काळ्यावर करड्या अक्षरांत इतकं बारीक लिहिलं होतं की डोळस माणसालाही बॅटरी घ्यावी लागे. तेव्हा पाहुणे म्हणायचे, "काय देखणा आहे हो!" आणि डॉक्टर खूश व्हायचे.

आता त्या देखणेपणानं त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

धाकटीचं दुर्दैव असं की तिचा धंदाच बटणांचा. कपडे धुण्याची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. मशीनच्या पुढच्या पट्टीवर कुठलं बटण कुठे बसवायचं, केवढं करायचं, दाबल्यावर कसला आवाज यायला हवा, हे ठरवणारी तीन-चार माणसं होती, त्यांतली ती एक. कारखान्यात त्यासाठी एक खोली होती. खोलीत नवं मशीन ठेवायचं, बाहेरून कोणीतरी बाई किंवा बुवा बोलवायचे, त्यांना कपडे धुवायला सांगायचं, आणि काचेच्या पलीकडे बसून बघायचं की हात कुठे अडखळतो. चुकलं की कोणीही हसायचं नाही, शिकवायचं नाही, "अहो, ते नाही" म्हणायचं नाही. माणूस चुकला तर बटण चुकलंय असं समजायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला धाकटी हे पहिल्या दिवशी सांगायची.

घरी मात्र ती उंबरा ओलांडायच्या आत म्हणायची, "बाबा, अहो किती वेळा सांगितलं!"

तिनं उपाय कमी केले नव्हते. ऑफिसातून पारदर्शक टिकल्या आणल्या, बोटाला लागतील अशा, आणि दोन बटणांवर चिकटवल्या. डॉक्टरांनी नखानं खरवडून काढल्या. म्हणाले, "चांगल्या वस्तूला फोड आल्यासारखं वाटतं." मग तिनं जुन्या बाजारात हिंडून खटक्याच्या बटणांचा एक टेप शोधून आणला. तो त्यांनी थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात बसून गातोय कोणीतरी." तो परत गेला. परगावी राहणाऱ्या दादानं एक नुसता बोलायचा डबा पाठवून दिला. त्याला तोंडानं सांगितलं की तो गाणं लावायचा. डॉक्टरांनी त्याला अदबीनं एक जुनी चीज लावायला सांगितली, तर त्यानं उद्याचं हवामान सांगितलं. तो डबा आता टॉवेलात गुंडाळून खालच्या खणात होता.

"कॅसेटी माझ्या आहेत, डेक माझा आहे, हात माझे आहेत," डॉक्टर म्हणायचे. "मग अडतंय कुठे?"

अडत होतं बरंच. या डेकला कॅसेट न काढता दोन्ही बाजू वाजवता यायच्या. एक बाजू संपली की आत काहीतरी उलटं फिरायचं आणि दुसरी सुरू व्हायची. कागदावर फार सोयीचं. पण दुसरी बाजू चालू असताना मागे नेण्याचं बटण टेप पुढे न्यायचं आणि पुढे नेण्याचं मागे. बाण टेपच्या दिशेचे होते, गाण्याच्या नाहीत. बघणाऱ्याला काचेतून टेप फिरताना दिसायची. न बघणाऱ्यानं काय करावं, याचा विचार कोणी केला नव्हता.

"मी मागेच नेतोय," डॉक्टर ओरडायचे.

"बाबा, तुम्ही दुसऱ्या बाजूला आहात. आता मागे म्हणजे पुढे."

"मागे म्हणजे पुढे? हे कोणी ठरवलं?"

"ज्यानं डेक केला त्यानं."

"त्याच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं का कोणी?"

धाकटी उसासा टाकून उठायची. "द्या बाबा, मी लावते."

आणि डॉक्टर हात मागे घ्यायचे. तो हात मागे घेणं तिला दिसायचं, आणि आपण काहीतरी चुकीचं करतोय हेही कळायचं. पण दिवसभर ऑफिसात परक्या माणसांच्या चुका तोंड मिटून बघितल्यावर घरी तिच्याकडे सबुरी म्हणून उरतच नसे.

त्यातच व्हायोलिनवाल्या काकांचा फोन आला. हे डॉक्टरांचे शाळेपासूनचे मित्र. तरुणपणी व्हायोलिन वाजवून चार गावं गाजवलेली, पण पुढे नोकरीच्या रगाड्यात सापडले आणि जाहीर कार्यक्रम थांबले. आता त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. गज धरला की तारेवर नुसता थरथरायचा. त्यांच्या वाजवण्याचं एकच धड रेकॉर्डिंग या जगात होतं आणि ते डॉक्टरांच्या कपाटात होतं. याच खोलीत, सतरंजीवर बसून, डॉक्टरांनी स्वतः माईक धरून भरलेलं.

"रविवारी येतो," काका म्हणाले. "मला एकदा ऐकायचंय रे, मी कसा वाजवत होतो ते. घरात कोणाला खरं वाटत नाही."

त्या दिवसापासून डॉक्टर तापलेल्या तव्यावर बसल्यासारखे झाले. रविवारी कॅसेट आपण लावायची, स्वतः, मित्रासमोर. धाकटीनं हात लावायचा नाही. पण हजार कॅसेटींतून ती ओळखायची कशी? ती एक धाकटीनं हातात काढून दिलीही. पण डॉक्टरांना एकीवर समाधान नव्हतं. त्यांनी एक युक्ती काढली आणि ती कोणाला सांगितली नाही.

शुक्रवारी धाकटी घरी आली तेव्हा खोलीत शिव्या नव्हत्या. डॉक्टर खुर्चीत हात बांधून बसले होते, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आज एक काम केलं," ते म्हणाले. "चप्पल काढ, पाणी पी, आणि डेकमध्ये आहे ती कॅसेट सुरुवातीपासून लाव."

"काय केलंत?"

"लाव तर. कॅसेटला सुरुवातीला थोडी जागा कोरी असते ना? गाणं सुरू व्हायच्या आधी? तिथे मी माईकवर नाव बोललो. आता कुठलीही कॅसेट लावली की आधी मी सांगणार कुठली आहे ते. एकेक करून सगळ्यांवर बोलणार. तुझ्या टिकल्या नकोत आणि दादाचा डबा नको."

धाकटी खरोखर थक्क झाली. ऑफिसातल्या कोणालाही हे सुचलं नसतं. तिनं टेप मागे नेली आणि सुरू केली.

"व्हायोलिन," स्पीकरमधून डॉक्टरांचा घसा खाकरून काढलेला आवाज आला. "घरची बैठक. बाजू पहिली." मग थोडी खरखर. डॉक्टरांनी मान डोलवली, आता संथ सुरावट सुरू होणार म्हणून हात वर केला.

आली ती खुर्ची सरकल्याची करकर. मग डॉक्टरांचा आवाज, जरा लांबून, "झालं. बंद केलं. आता आधी हात बसू दे. दाबायचं नाही, नुसतं बोट फिरवायचं."

धाकटीनं बटण दाबून टेप थांबवली.

"बंद का केलंस?" डॉक्टरांनी विचारलं. पण त्यांचा आवाज आधीच बसला होता.

जुन्या टेपवर रेकॉर्ड करायला दोन बटणं एकदम दाबावी लागत. चुकून व्हायचं नाही. या डेकच्या कर्त्यानं ती कटकट काढून टाकली होती. एकाच बटणाला बोट लावलं की काम सुरू. आणि सुरू आहे याची खूण एकच, वरच्या कोपऱ्यातला बारीकसा लाल दिवा. नाव बोलून झाल्यावर डॉक्टरांनी थांबवायचं समजून शेजारच्या बटणाला बोट लावलं होतं. रेकॉर्डिंग चालू असताना ते बटण काहीच करत नसे. आतून 'ठक्' सुद्धा नाही. माईक शिट्टी घालतो म्हणून स्पीकर आधीच बंद केलेले. लाल दिवा जळत राहिला आणि टेप फिरत राहिली.

"पुढे बघ," डॉक्टर म्हणाले. "थोडंसंच गेलं असेल."

तिनं पुढे नेऊन लावलं. पंख्याची घरघर. आणखी पुढे. रस्त्यावरचा हॉर्न, डॉक्टरांचं पुटपुटणं. आणखी पुढे, जवळजवळ शेवटाला. स्वयंपाकघरातला गळका नळ.

"बस," डॉक्टर म्हणाले.

"दुसरी बाजू असेल बाबा. हा रेकॉर्ड एकाच बाजूला करतो. दुसरी शाबूत आहे."

"संथ पहिल्या बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला नुसती घोडदौड आहे." मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटून म्हणाले, "दिवा! अरे दिवा काय लावतोस? एक घंटा लावायला काय झालं होतं?"

धाकटीला त्या डेकच्या कर्त्याचा असा संताप आला की तो समोर असता तर तिनं त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून कारखान्यातल्या त्या खोलीत, काचेसमोर बसवला असता. पण त्याहून जास्त राग तिला बाबांचा आला. "मला विचारलं असतं तर?" ती म्हणाली. "मी घरी यायची वाट बघितली असती तर?"

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले. जेवणही अर्धं टाकलं.

शनिवारी सकाळी मात्र ते आवरून बसले होते. "कॅसेटच्या पाठीवर कोपऱ्यात इवलीशी पट्टी असते," ते म्हणाले. "ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. बरोबर?"

"बरोबर. मी लहानपणापासून सांगतेय की मोडा."

"मला वाटायचं, चांगल्या वस्तूचे अवयव कशाला तोडायचे. माझी हत्यारांची पेटी आण. आणि कपाट रिकामं कर."

तिनं कॅसेटींचे ढीग लावले. डॉक्टरांनी पेटीतलं एक बारीक वाकड्या टोकाचं हत्यार बोटांनी निवडलं, कॅसेट डाव्या हातात धरली, अंगठ्यानं कोपरा चाचपला आणि मनगटाच्या एका हिसक्यात पट्टी उडवली. मग दुसरी. धाकटीला डोळ्यांनी शोधून एक काढायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांच्या चार झाल्या. "पुढचा पेशंट," ते म्हणायचे, आणि ती पुढची कॅसेट हातात द्यायची. दुपारपर्यंत जमिनीवर प्लास्टिकचे दातच दात पडले होते. बाबांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली होती. धाकटीनं संधी साधून विचारलं, "निदान रेकॉर्डच्या बटणावर काहीतरी लावू?"

"लाव. पण गोड गुळगुळीत काही नको. बोट लागलं की चावलं पाहिजे."

तिनं खरखरीत पॉलिश कागदाचा तुकडा कापून चिकटवला. बाकीची सहा बटणं होती तशीच राहिली. त्याबद्दल ते ऐकायला तयार नव्हते.

रविवारी काका आले. नव्या इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खिशात. दारातच डॉक्टरांनी सांगून टाकलं, "लेका, तुझी पहिली बाजू मी पुसली."

"म्हणजे?"

"संथ. गेलं. माझ्या हातून."

काका चपला काढता काढता थांबले. "तेच ऐकायला आलो होतो, दात्या." शाळेतलं हे नाव आता जगात एकटेच काका वापरत. "ते पुन्हा कधी तसं जमलं नव्हतं मला. एवढ्या कॅसेटी आहेत तुझ्याकडे. माझीच सापडली?"

"तुझीच पहिली घेतली. तू येणार होतास म्हणून."

काका आत येऊन बसले. चहा आला, तो डाव्या हातानं प्याले. धाकटीनं दादाची खुशाली सांगितली, हवेबद्दल बोलली, पण ते नुसतं "हं" म्हणायचे. ते चिडले होते आणि चिडण्याचा त्यांना हक्क होता. शेवटी डॉक्टरच उठले. "दुसरी बाजू तरी ऐक." डेकसमोर बसून त्यांनी कॅसेट उलटी घातली, कॅसेटच्या दाराच्या कडेवर बोट टेकवलं, तिथून उजवीकडे सरकवत नेलं, आणि बरोबर बटण दाबलं.

व्हायोलिन सुरू झालं. तरणंबांड, मस्तीत आलेलं, सुरांवरून उड्या मारत जाणारं. काकांचा खिशातला हात आपोआप बाहेर आला आणि मांडीवर थरथरत ताल धरू लागला. "हा मी?" एकदा त्यांनी विचारलं. "तूच," डॉक्टर म्हणाले. बाजू संपेपर्यंत तिघंही हलली नाहीत.

आणि मग, टाळी वाजवावी की नाही अशा त्या क्षणी, डेकमध्ये खट्ट झालं. बाजू उलटली. धाकटीच्या हे ध्यानातच राहिलं नव्हतं.

"व्हायोलिन," डॉक्टरांचा आवाज म्हणाला. "घरची बैठक. बाजू पहिली."

ती धडपडत उठली, डेकवर झेपावली आणि घाईत थांबवायच्या ऐवजी भलतंच बटण दाबलं. टेप सरसर पुढे पळाली. पुन्हा दाबलं. आता आवाज मधूनच सुरू झाला.

"...दाराच्या कडेपासून एक, दोन, तीन. तिसरं थांबायचं. नाही, चौथं. अक्कलदाढेपासून मोजतो तसं मोजायचं, मागून पुढे."

"बंद कर ते," खुर्चीतले डॉक्टर म्हणाले.

"थांब," काका म्हणाले. "राहू दे. माझ्या जागेवर काय भरलंय ते मला कळू दे."

टेपमधले डॉक्टर स्वतःशी बोलत होते, एकटं माणूस बोलतं तसं, मध्ये मध्ये थांबत. "हा रविवारी येणार आणि मी चाचपडत बसणार. तो काही म्हणणार नाही. त्याचाच हात हलतो, तो काय म्हणणार. पण ती उठेल. आधी उसासा. मग, द्या बाबा, मी लावते." पंख्याची घरघर. "उसासा तर दारातच सुरू होतो. चपला काढायच्या आधी. दमून येते बिचारी, तिचं काय चुकलं? पण तो ऐकला की माझं बोट घसरतं. ती घरात नसते तेव्हा मला सगळं येतं. एक, दोन, तीन, चार. बघ. आलं की नाही?"

धाकटी डेकसमोर उभी होती. ऑफिसात काचेमागे बसताना तिनं किती जणांना सांगितलं होतं, की कोणी बघतंय हे कळलं की हात चुकतो. ती काच त्यासाठीच होती. मागे खुर्चीत बाबा होते, त्यांच्याकडे वळून बघायचं तिला धाडस होईना.

डॉक्टर उठले. तिच्या शेजारून हात पुढे घालून त्यांनी दाराची कड चाचपली आणि टेप थांबवली. पहिल्या झटक्यात, बरोबर.

"असं काही म्हणायचं नव्हतं मला," ते तिला म्हणाले.

"म्हणायचंच होतं," ती म्हणाली. "आणि खरं आहे."

काका खाकरले. त्यांचा राग गेला नव्हता, पण त्याला आता धार नव्हती. "दात्या, चाल आठवते तुला? संथातली?"

"सबंध. पण मला गाता कुठे येतं?"

"मला गुणगुणता येईल. हात गेलाय, गळा आहे थोडाफार. भरून घे. बाजू म्हणून नाही, निदान चाल राहील."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "कोरी कॅसेट काढ गं."

धाकटीनं कोरी कॅसेट काढली आणि तिचा हात तिथेच थांबला. तिच्या पाठीवरच्या दोन्ही पट्ट्या उडालेल्या होत्या. दुसरी बघितली, तिसरी बघितली. काल दुपारी उत्साहाच्या भरात बाबांनी कोऱ्यांचेही दात काढले होते आणि तिनं त्या हसत हसत पुरवल्या होत्या. आता या घरातल्या एकाही कॅसेटवर काही भरता येणार नव्हतं.

"भोकावर चिकटपट्टी लावली तरी चालतं," ती म्हणाली. चिकटपट्टी सापडायला अख्खं घर पालथं घालावं लागलं. टेबलाच्या खणात नाही, स्वयंपाकघरात नाही. शेवटी शेजारणीकडून आणली. तिनं विचारलंच, "कोण आलंय गं?" या वेळी उत्तर होतं.

माईक काकांसमोर ठेवला. डॉक्टरांनी स्वतः बटणं दाबायचं ठरवलं होतं. ते बोट फिरवत गेले, एकदा दाबलं, मग खरखरीत बटणावर बोट पडताच "आई गं" म्हणून तेही दाबलं. "लाल लागला का?"

"लागला," धाकटी म्हणाली. आता दिव्यावर नजर ठेवणं हे तिचं काम होतं आणि ती डोळ्यांत तेल घालून बसली होती.

काका गुणगुणू लागले. गळा थकलेला होता, पण सूर जागच्या जागी पडत होते. संथ, लांब, एकेका सुरावर रेंगाळत जाणारी ती चाल. मध्येच त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात हवेत गज धरल्यासारखा चालू लागला. तेवढा वेळ तो थरथरला नाही, निदान धाकटीला तसं वाटलं. संपल्यावर काकांनी घाम पुसला. "आलं," ते म्हणाले. "आज आलं तसं इतक्या वर्षांत आलं नव्हतं."

धाकटीनं टेप मागे न्यायला बटण दाबलं. टेप मागे जाईना. ती सुरुवातीलाच होती. ती जागची हललीच नव्हती.

"काय झालं?" डॉक्टर.

तिनं खाली वाकून बघितलं. लाल दिवा होता, पण तो जळत नव्हता, लुकलुकत होता. शेजारी एक पिवळा ठिपका. डॉक्टरांनी रेकॉर्डच्या आधी चुकून मधल्या थांब्याचं, म्हणजे पॉजचं, बटण दाबलं होतं. लुकलुकणारा लाल म्हणजे तयार, स्थिर लाल म्हणजे चालू. एवढा वेळ डेक नुसता तयार होऊन उभा होता.

"तू बघत होतीस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाल होता."

"मग?"

"लुकलुकत होता." "मला वाटलं, जुना आहे, म्हणून लुकलुकतोय."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. काका असे भडकले की धाकटीनं त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. "काय यंत्र आहे की चेष्टा आहे? दोघं शहाणी माणसं बसलात आणि एक दिवा कळत नाही?"

"पुन्हा घेऊ," डॉक्टर म्हणाले.

"पुन्हा पुन्हा काय येतं ते? नळ आहे का?"

तरी त्यांनी घेतलं. आता धाकटीनं तीनदा तपासलं. दिवा स्थिर होता, टेप काचेत फिरत होती, आकडे सरकत होते. काका सुरू झाले, पण मघाचं काही हाती लागेना. ते निम्म्यापर्यंत आले, एका सुरावर खोकला आला, पुन्हा तो सूर धरायला गेले आणि थांबले. "नाही," ते म्हणाले. "आज एवढंच. दमलो."

डॉक्टर त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, कठड्यावर हात ठेवून. काका खाली उतरताना म्हणाले, "उरलेलं पुढच्या वेळी. पण ते खोकं तोवर विकून टाक." डॉक्टर म्हणाले, "विकत कोण घेणार?"

आत आल्यावर त्यांनी नुकतंच भरलेलं ऐकायला मागितलं. धाकटीनं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि खिडकीपाशी जाऊन, पाठ करून उभी राहिली. मागे बराच वेळ काहीच झालं नाही. मग 'ठक्'. टेप पुढे पळाली. "गाढवा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा 'ठक्', पुन्हा चुकलं. तिला वळून पुढे जावंसं वाटत होतं, बटण त्या बोटाखालून ओढून घ्यावंसं वाटत होतं. ती खिडकीची चौकट धरून रस्त्याकडे बघत राहिली. चौथ्या की पाचव्या खेपेला काकांचा थकलेला आवाज खोलीत आला आणि खोकल्यापर्यंत गेला.

"निम्मंच आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि सूरही उतरलाय त्याचा."

"हो," ती म्हणाली.

"नाव बोलून ठेवतो यावर. शेवटी." ते घसा खाकरत माईक शोधू लागले. "तू स्वयंपाकघरात जा जरा. आणि दार लावून घे."